शोषखड्डा, हॅकेथॉन आणि शेवटची एस.टी.

समजा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात अभियांत्रिकी महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर लागलं आहे. सकाळी प्रभातफेरी झाली. श्रमदानात आज एका घराच्या मोरीचं पाणी मुरवण्यासाठी शोषखड्डा खणायचा आहे. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी वहीत हिशोब मांडला. घरात पाच माणसं, माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी म्हणजे २७५ लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर २२० लिटर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा घेतला आणि तो दगड-विटांच्या तुकड्यांनी भरला, तरी दगडांमधल्या पोकळीत तीनशे ते चारशे लिटर पाणी मावतं. म्हणजे खड्डा पुरेसा आहे.

परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. गावात मात्र खड्डा पहिल्याच आठवड्यात तुंबू शकतो, कारण हिशोबात माती कुठेच आलेली नाही. काळ्या चिकण मातीत पाणी फार हळू मुरतं. आज भरलेलं पाणी उद्या सकाळपर्यंत मुरलं नाही, तर उद्याच्या २२० लिटरना जागा कुठून मिळणार? म्हणून आधी एक लहान खड्डा खणून त्यात पाणी ओतायचं आणि तासाभरात पातळी किती बोटं उतरते ते मोजायचं असतं. त्याच्याही आधी त्या घरातल्या मावशींना विचारायचं असतं, ‘पावसाळ्यात अंगणात पाणी कुठं साचतं?’ जमिनीची जी माहिती नकाशावर सापडत नाही, ती त्यांना वर्षानुवर्षांच्या वापरातून ठाऊक असते.

या एका खड्ड्यात विद्यार्थी काय काय शिकतो ते मोजून पाहावं. पुस्तकातलं सूत्र कुठे अपुरं पडतं ते कळतं. माहिती कुणाकडे असते ते कळतं. सहा जणांत कुदळ कुणी घ्यायची, दगड कुणी आणायचे, मोजमाप कुणी लिहायचं हे ठरवावं लागतं. मावशींना, सरपंचांना आणि प्राध्यापकांना एकच गोष्ट तीन वेगळ्या भाषांत सांगावी लागते. आणि काम चुकलं तर त्या घरासमोर डबकं साचणार आहे, याचं भान राहतं. अभ्यासपूरक उपक्रमातून व्यावसायिक कौशल्य घडतं म्हणजे नेमकं काय घडतं, याचं उत्तर इथेच आहे. तासाला प्रश्न तयार मिळतो आणि चुकीची किंमत गुणांत मोजली जाते. उपक्रमात प्रश्न स्वतः शोधावा लागतो, आणि आपल्या कामावर दुसरं कुणीतरी अवलंबून असतं.

शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न

अभियंत्याला विषयाच्या ज्ञानापलीकडे काय लागतं, हा प्रश्न नवा नाही. १९१८ साली चार्ल्स मॅन यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशनसाठी अभियांत्रिकी शिक्षणाची मोठी पाहणी केली. चांगल्या अभियंत्याच्या अंगी असणाऱ्या गोष्टींचे सहा गट करून त्यांनी अभियंत्यांच्या संघटनांच्या सभासदांना त्यांचा क्रम लावायला सांगितला. चारित्र्य, निर्णयशक्ती, कार्यक्षमता, माणसांची जाण, मूलभूत विषयांचं ज्ञान आणि तंत्र असे ते गट होते. सात हजारांहून अधिक उत्तरं आली. त्यांतल्या बहुसंख्य अभियंत्यांनी चारित्र्य सर्वांत वर ठेवलं आणि तंत्र सर्वांत खाली.

यावरून तंत्र बिनमहत्त्वाचं ठरत नाही. उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला आपलं तंत्र येतच होतं. आपल्याबरोबरीचं तंत्र जाणणाऱ्यांत कुणावर काम सोपवून निर्धास्त राहता येतं, हे ते अनुभवावरून सांगत होते.

आपल्याकडे जागतिक बँकेसाठी ब्लोम आणि साएकी यांनी केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६४ टक्के कंपन्या नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांबाबत जेमतेम समाधानी किंवा त्याहूनही कमी समाधानी होत्या. विश्वासार्हता, एकत्र काम करण्याची तयारी, संवाद या गोष्टींना कंपन्यांनी फार वरचं स्थान दिलं होतं. त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. लक्षात ठेवणं आणि समजणं यात आपली मुलं फारशी मागे नव्हती. विश्लेषण करणं, मूल्यमापन करणं आणि नवं रचणं यात ती कमी पडत होती. शोषखड्ड्याचं सूत्र येणं ही पहिली पायरी झाली. ‘इथली माती कशी आहे?’ हा प्रश्न आपणहून सुचणं ही दुसरी. आपली परीक्षापद्धत पहिल्या पायरीवर रेंगाळते.

भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन करारात कायम सदस्य म्हणून सामील झाला. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची आपली पदवी इतर सदस्य देशांच्या पदवीला समकक्ष मानली जावी, अशी या कराराची व्यवस्था आहे. त्या काळात राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने अभियंत्याकडून अपेक्षित असलेल्या बारा गुणांची यादी लागू केली. त्यांतले पाच शुद्ध तांत्रिक होते. उरलेले सात असे: समाजाचं भान, पर्यावरण, नीतिमत्ता, वैयक्तिक आणि सांघिक काम, संवाद, प्रकल्पाचं व पैशाचं नियोजन आणि आयुष्यभर शिकत राहणं. निम्म्याहून अधिक गुण असे, की ज्यांची नुसती लेखी परीक्षा घेता येत नाही. नीतिमत्तेवर दहा गुणांचा प्रश्न विचारता येतो, पण वर्गणीच्या पेटीची किल्ली हातात असताना माणूस कसा वागतो ते त्या प्रश्नातून कळत नाही.

कोणत्या उपक्रमातून काय मिळतं

सगळे उपक्रम सारखे नसतात. प्रत्येकाची घडवण्याची रीत वेगळी असते.

‘बाहा’ ही गाडी बनवण्याची स्पर्धा घ्या. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात ती सुरू झाली आणि २००७ पासून भारतात भरू लागली. खडबडीत रस्त्यावर चालणारी एका आसनाची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखून, वेल्डिंग करून बांधायची असते. शेवटी चार तासांची दमछाक करणारी शर्यत होते, पण गुण शर्यतीपुरते नसतात. गाडीचा प्रत्येक भाग असाच का केला याचं समर्थन परीक्षकांपुढे करावं लागतं. खर्चाचा तपशील द्यावा लागतो. ही गाडी बाजारात कशी विकता येईल तेही पटवून द्यावं लागतं. ज्या मुलाने रात्री जागून सस्पेन्शनचा सांधा जोडला, त्यालाच सकाळी सांगावं लागतं की हा सांधा दोनशे रुपयांनी स्वस्त का करता आला नाही. गणित, हात आणि खिसा यांची गाठ चार वर्षांत इतकी घट्ट क्वचितच पडते.

हॅकेथॉनचा धडा वेगळा. केंद्र सरकारचं स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून होतं. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी, आणि सॉफ्टवेअर गटाच्या अंतिम फेरीत सलग छत्तीस तास. प्रश्न मंत्रालयं, सरकारी खाती आणि उद्योगांकडून आलेले असतात. छत्तीस तासांत सगळं होत नाही. त्यामुळे काय सोडून द्यायचं हे ठरवायला संघ शिकतो. दहा सुविधांचं स्वप्न पाहणारा संघ रात्री दोन वाजता तीन सुविधांवर येतो आणि त्या तीन नीट चालवून दाखवतो. ठरलेल्या वेळेत आणि हाती असलेल्या माणसांत होणारं काम आणि न होणारं काम वेगळं करता येणं, ही कोणत्याही प्रकल्पप्रमुखाची रोजची गरज असते.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एका विशेष शिबिरात राहायचं, अशी तिची रचना आहे. अभियांत्रिकीच्या मुलांना हे शिबिर पुष्कळदा विषयाबाहेरचं वाटतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. ज्यांच्यासाठी आपण पूल, पंप आणि ॲप बनवणार, त्यांच्या ओसरीवर बसून त्यांचं ऐकण्याची संधी पुढच्या नोकरीत फारशी मिळत नाही.

निबंधवाचन, पोस्टर सादरीकरण, तांत्रिक वादविवाद यांतून भाषेची भीती जाते. बीडच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला विषय येत असतो, पण तो इंग्रजीत उभं राहून मांडताना घसा कोरडा पडतो. याला भाषणकलेचं पुस्तक पुरत नाही. आधी मराठीत, पाच मित्रांसमोर, स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलायचं. मग तेच इंग्रजीत, वर्गासमोर. मग परक्या महाविद्यालयात. स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टीबद्दल बोलताना शब्द लवकर सापडतात.

आणि स्नेहसंमेलनाचा खजिनदार होणं? त्याला कुणी तांत्रिक उपक्रम म्हणत नाही. पण पावतीपुस्तक सांभाळणं, मंडपवाल्याकडून तीन कोटेशन घेणं, व्हाउचर जपणं, शेवटी सर्वांसमोर हिशोब मांडणं ही पैशाच्या नियोजनाची खरी कार्यशाळा आहे.

बीड हीच प्रयोगशाळा

बीड जिल्ह्यात अंबाजोगाई, परळी आणि बीड इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांच्या मनात एक सल असतो, की संधी पुण्यात आहेत आणि आपण लांब आहोत. मोठ्या कंपन्या, मोठे महोत्सव, प्रायोजक या बाबतीत ते खरं आहे. पण अभियंत्याला घडवणारे प्रश्न इतक्या जवळ फार थोड्या ठिकाणी सापडतात.

परळीचं औष्णिक वीज केंद्र पाहा. २०१३ च्या दुष्काळात पाणी नसल्यामुळे ते बंद ठेवावं लागलं. संच होते, कोळसा मिळू शकत होता, माणसं होती, पण वाफ करायला आणि यंत्रं थंड ठेवायला पाणी नव्हतं. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि सिव्हिल अशा शाखा आपण वेगळ्या इमारतींत बसवतो. निसर्ग त्या वेगळ्या ठेवत नाही. या एका घटनेवर तिन्ही शाखांच्या मुलांनी मिळून महिनाभर अभ्यास केला, तर शाखांपलीकडे पाहणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कोणत्याही पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत नेलेलं आहे. सर्वेक्षणाच्या विषयात मुलं महाविद्यालयाच्या मैदानावर लेव्हल लावून उंचसखलपणा मोजतात. तेच उपकरण घेऊन या पाण्याच्या वाटेवर वरून चाललं, तर दर शंभर मीटरला किती उतार ठेवावा लागला असेल या प्रश्नाला जिवंतपणा येतो. शिवाय परवानगीचा अर्ज, जुनी कागदपत्रं शोधणं, आसपासच्या शेतकऱ्यांशी बोलणं हे सगळं ओघानं येतं.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तो दरवर्षी येतोच असं नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीडचाही समावेश होता. त्या प्रकल्पासाठी गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईने विकसित केली. किती पाऊस पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांनी किती घेतलं, हे मांडायला बारावीच्या पुढचं गणित लागत नाही. चिकाटी लागते, आणि तलाठी, कृषी सहायक, शेतकरी यांच्याकडून माहिती मिळवण्याचं कसब लागतं. केंद्राचं ‘उन्नत भारत अभियान’ नोव्हेंबर २०१४ मध्ये याच विचारातून सुरू झालं. उच्च शिक्षण संस्थांनी जवळची गावं निवडावीत आणि त्यांच्या प्रश्नांवर काम करावं, अशी त्याची कल्पना आहे.

आणि रेल्वे. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची वाट या जिल्ह्याने पिढ्यानपिढ्या पाहिली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत प्रवासी गाडी आली. भूसंपादन, राज्य आणि केंद्र यांनी खर्च निम्मानिम्मा उचलण्याची व्यवस्था, पूल, भराव, वेळापत्रक: प्रकल्प लांबतो म्हणजे काय आणि तो पुरा कसा होतो, याचा एवढा मोठा धडा दारात असताना तो क्षेत्रभेटीत आणि चर्चासत्रात यायला हवा.

मुलं घरून काय घेऊन येतात

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. बीडची मुलं महाविद्यालयात येतात ती रिकाम्या हाताने येत नाहीत.

दसऱ्यानंतर जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहिलेला थोरला मुलगा किंवा मुलगी घर, जनावरं आणि धाकट्या भावंडांना सांभाळते. मुकादमाकडून उचल किती घेतली, किती टन ऊस भरला, किती उचल फिटली, याचा हिशोब अनेक घरांत शिकणारं मूलच ठेवतं. कामाचं मोजमाप, दर, आगाऊ रक्कम आणि वळती हे सगळं बांधकामाच्या ठेकेदारी हिशोबात पुढे जसंच्या तसं भेटतं.

गावातला अखंड हरिनाम सप्ताह आठवा. सात दिवस, रोज कीर्तन, रोज पंगती, शेवटच्या दिवशी काल्याचा महाप्रसाद. मंडप, वीज, पाण्याचे टँकर, वर्गणी, पाहुण्यांची सोय, वाढप्यांच्या पाळ्या हे सगळं गावातली तरुण मंडळी सांभाळतात. ज्या मुलीने वा मुलाने हजारो माणसांच्या पंगती वेळेवर उठताना जवळून पाहिल्या आहेत, तिला किंवा त्याला नियोजनाचा अनुभव नाही असं कसं म्हणायचं? अनुभव आहे. त्याला नाव नाही, नोंद नाही, आणि मुलाखतीत तो सांगण्यासारखा आहे हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही. अभ्यासपूरक उपक्रमांचं इथलं पहिलं काम हे, की घरी आणि गावात कमावलेलं शहाणपण ओळखायला लावायचं आणि त्याला मोजमाप, नोंद आणि पद्धतीची जोड द्यायची.

प्रमाणपत्रांची फाईल जाड झाली म्हणजे?

नियमांनी आता उपक्रमांना जागा दिली आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पदवीसाठी परीक्षेतल्या गुणांखेरीज चार वर्षांत शंभर उपक्रम-गुण मिळवण्याची कल्पना पुढे आणली, आणि त्यात गावाशी, पाण्याशी, स्वच्छतेशी जोडलेली कामं सुचवली. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने अभ्यासक्रम आणि अभ्यासक्रमाबाहेरचे उपक्रम यांच्यात कठोर भिंत नसावी असं स्पष्ट म्हटलं आहे.

नियम आला की त्याबरोबर एक धोकाही येतो. गुणांसाठी हजेरी, हजेरीसाठी फोटो, फोटोसाठी शिबिर असा क्रम उलटा लागू शकतो. अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये विद्यार्थ्यांच्या सहभागाचा सिद्धांत मांडला. विद्यार्थी एखाद्या गोष्टीत शरीराची आणि मनाची किती शक्ती ओततो, त्या प्रमाणात तो घडतो, हा त्याचा गाभा. म्हणजे दहा कार्यशाळांत मागच्या बाकावर बसण्यापेक्षा एका शोषखड्ड्याची पुरी जबाबदारी घेणं मोलाचं. त्याच वर्षी डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं. अनुभव घ्या, त्यावर विचार करा, त्यातून नियम काढा, तो नियम पुन्हा करून पाहा. आपल्या बहुतेक उपक्रमांत पहिली पायरी होते आणि निरोपसमारंभ होतो. विचार करायला वेळच ठेवलेला नसतो. रोज रात्री अर्धा तास, आज काय चुकलं आणि उद्या काय बदलायचं हे प्रत्येकाने दोन ओळींत लिहिलं, तर शिबिराचं मोल दुप्पट होईल.

शिक्षकांसाठीही यात अवघड भाग आहे. मूल चुकतं आहे हे दिसत असताना थांबणं सोपं नसतं. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे ताबडतोब हात घालावा. बाकी ठिकाणी मुलांना चुकू द्यावं, मग शेजारी बसून विचारावं. कामांची अदलाबदलही शिक्षकानेच घडवून आणायची असते. नाहीतर बोलका मुलगा दरवर्षी बोलत राहतो, चांगलं अक्षर असलेली मुलगी दरवर्षी अहवाल लिहीत राहते, आणि दोघेही जे आधीपासून येत होतं तेवढंच घेऊन बाहेर पडतात.

शेवटची एस.टी.

एवढं सगळं मान्य केलं तरी एक साधी अडचण उरते. उपक्रम तास सुटल्यावर होतात आणि गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. संध्याकाळी निघते. केज, धारूर, वडवणीच्या बाजूने येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलांना संघात नाव देता येत नाही. मुलींना तर ती गाडी चुकवण्याची मुभाच नसते. परिणामी ज्यांना वसतिगृह परवडतं तेच पुढे येतात, आणि ज्यांना या अनुभवाची सर्वांत जास्त गरज आहे ते बसस्थानकावर उभे असतात.

यावरचा उपाय वेळापत्रकात आहे. आठवड्यातली एक दुपार उपक्रमांसाठी राखून ठेवावी, प्रयोगशाळेच्या तासाइतकीच पक्की. तिची हजेरी असावी, तिच्यासाठी शिक्षकाचा कार्यभार मोजला जावा. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या गावांतलेच प्रश्न प्रकल्पासाठी घ्यावेत, म्हणजे रविवारी घरी गेलेली मुलगीही संघाचं काम करत असेल. आईवडिलांना वर्षातून एकदा बोलावून त्यांच्या मुलांनी केलेलं काम मराठीत, साध्या शब्दांत दाखवावं. मुलगी संध्याकाळी थांबते ती कशासाठी, हे डोळ्यांनी पाहिलेले आईवडील पुढच्या वेळी परवानगी सहज देतात.

आणि एक काम राहून जाऊ देऊ नये. शिबिर हिवाळ्यात होतं, खड्ड्याची खरी परीक्षा पावसाळ्यात. मृगाचे दोन-चार मोठे पाऊस झाले की त्या सहा जणांनी पुन्हा गावात जावं. मावशींच्या अंगणात पाणी मुरलं की साचलं, ते पाहावं. साचलं असेल तर झाकण काढून वरच्या गाळणीच्या मडक्यात काय अडकलं, माती किती बसली, ते बघावं आणि दुरुस्त करावं. या भेटीला गुण नसतील, फोटो नसेल. पण आपण केलेलं काम कसं चाललंय ते पाहायला आपल्या पायांनी परत जाण्याची सवय ज्याला लागली, त्याच्यावर उद्या कुणीही पूल, धरण किंवा वीजवाहिनी निर्धास्त सोपवू शकेल.